एकाच खेळाडूची कार्डं

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या एखाद्या मराठी घरात तीन पिढ्यांना आवडता क्रिकेटपटू विचारावा. आजोबांच्या तोंडी सी. के. नायडू किंवा मुश्ताक अली येतील. मुलगा रजत पाटीदारचं नाव घेईल. इंदुरात जन्मलेल्या या फलंदाजानं 2022 च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध 122 धावा काढल्या आणि 2025 मध्ये त्याच्या कप्तानीखाली बंगळुरूनं पहिल्यांदा आयपीएल जिंकलं. मधल्या पिढीचा, म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या आईबाबांचा माणूस मात्र बहुतेक राहुल द्रविड असणार. तो वाढला बंगळुरूत आणि रणजी खेळला कर्नाटकाकडून, पण 11 जानेवारी 1973 ला त्याचा जन्म इंदूरच्या मराठी घरात झाला. इंदूरकरांनी त्याच्यावरचा हक्क कधी सोडलेला नाही.

अशा एकाच खेळाडूची कार्डं जमवणं हा एक स्वतंत्र छंद आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या कार्डांवर तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आपल्याकडे क्रिकेटची कार्डं निघाली, मुलांनी खिशात कोंबली, शाळेत खेळली आणि बरीचशी रद्दीत गेली. जी उरली त्यांचा नीट संग्रह कसा करायचा हे द्रविडचं उदाहरण घेऊन सांगतो. द्रविडच घेण्याचं एक सोयीचं कारण आहे: त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द संपलेली आहे, त्यामुळे काय शोधायचं त्याची चौकट ठरलेली आहे.

आधी कार्ड म्हणजे काय ते पाहू. एकोणिसाव्या शतकात सिगारेटचं पाकीट मऊ कागदाचं असायचं आणि आतल्या सिगारेटी मोडायच्या. म्हणून आत एक ताठ पुठ्ठ्याचा तुकडा घालू लागले. कोऱ्या तुकड्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक तेच पाकीट पुन्हा घेतं हे कंपन्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. अमेरिकेत 1880 च्या दशकात बेसबॉलपटू या तुकड्यांवर आले. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्स कंपनीनं 1896 मध्ये 50 क्रिकेटपटूंची मालिका काढली. पुढे चित्रं सिगारेटकडून च्युइंगगमकडे गेली आणि छंद मोठ्यांच्या हातून मुलांच्या हाती आला. टॉप्स कंपनीच्या 1952 च्या 407 कार्डांच्या मालिकेत आजच्या कार्डाचा साचा दिसतो: पुढे रंगीत चित्र, मागे क्रमांक, थोडी माहिती आणि आकडेवारी. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच हे माप 1957 मध्ये ठरलं आणि जगभर मुख्यतः तेच टिकलं.

भारतात ही कल्पना दोन वाटांनी आली. पहिली वाट बबलगमची. ऐंशीच्या दशकात बिग फन नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळत. त्यांच्यावर धावा किंवा विकेट छापलेल्या असत, आणि ठरावीक बेरीज जमली की चित्रं देऊन त्याबदल्यात फ्लिपबुक मिळे. पानं अंगठ्याखालून भरभर सोडली की फटका हलताना दिसायचा. मुलांसाठी हा आनंद मोठा होता, पण संग्राहकाच्या दृष्टीनं त्यात नुकसान होतं, कारण ज्यानं जास्त जमवलं त्यानंच जास्त परत दिलं. म्हणून त्या काळची चित्रं आज एकेकटी सापडतात, सलग मालिका क्वचित.

दुसरी वाट ट्रम्प कार्डांची. हा पत्त्यांचा पूर्ण कॅट एकदम विकत मिळतो. प्रत्येक पत्त्यावर एक खेळाडू आणि त्याचे सामने, धावा, सर्वोच्च धावसंख्या, विकेट असे आकडे असतात. एकानं रकाना पुकारायचा, ज्याचा आकडा मोठा त्यानं पत्ते उचलायचे. नव्वदच्या दशकात मराठी मुलांच्या उन्हाळी दुपारी यावर गेल्या आहेत. रकान्याच्या खेळात द्रविड हा दमदार पत्ता होता, सरासरी पुकारली की सहसा हरत नसे. 2010 नंतर टॉप्सनं आयपीएलच्या खेळाडूंची ‘क्रिकेट अटॅक्स’ कार्डं भारतात आणली. ती बंद पाकिटातून मिळत, आत कोण आहे हे फोडल्याशिवाय कळत नसे.

कॅट आणि बंद पाकीट यांच्यात संग्राहकाच्या लेखी फार फरक आहे. कॅटमध्ये द्रविड असणार की नाही हे बाहेरूनच समजतं आणि एक कॅट घेतला की तो एकदाच येतो. बंद पाकिटात नशीब आहे, आणि या नशिबाचं गणित प्रत्येक पालकानं एकदा तरी समजून घ्यायला हवं.

समजा एका मालिकेत 50 कार्डं आहेत, पाकिटात एकच कार्ड निघतं आणि सगळी कार्डं सारख्याच प्रमाणात छापलेली आहेत. निम्मी मालिका, म्हणजे 25 वेगवेगळी कार्डं जमायला सरासरी 34 पाकिटं पुरतात. मुलगा खूश असतो, प्रत्येक पाकिटात काहीतरी नवीन निघत असतं. उरलेल्या निम्म्यासाठी मात्र आणखी सुमारे 190 पाकिटं लागतात. एकूण बेरीज 225 च्या घरात जाते, आणि त्यातली 50 पाकिटं सरासरीनं एकट्या शेवटच्या कार्डापायी फुटतात. प्रत्यक्षात चमकत्या कार्डांचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, म्हणजे खरा खर्च याहून जास्त. मालिका नको, फक्त द्रविड हवा असं म्हटलं तरी सुटका नाही. 50 मध्ये तो एक असेल तर 50 पाकिटं घेतल्यावरही शंभरातल्या 36 मुलांच्या हाती तो आलेला नसतो.

याच गणिताची दुसरी बाजू अशी की 225 पाकिटं फोडणाऱ्याकडे 175 डबल साठलेले असतात, आणि त्या डबलांत शेजारच्या मुलाला हवी असलेली कार्डं पडून आहेत. पाच मुलांनी आपापली मालिका स्वतंत्र पूर्ण करायची तर मिळून 1,125 पाकिटं लागतील. तेच पाच जण डबल एकमेकांना देत राहिले तर खरेदी जवळपास निम्म्यावर येते. पाकिटं फोडून मालिका पूर्ण करणं कंपनीच्या फायद्याचं आहे. संग्राहकाची मालिका अदलाबदलीतून पूर्ण होते, आणि डबल कार्ड हे त्याचं भांडवल असतं. मुलाच्या डबलांना ‘फालतू कार्डं’ म्हणून फेकून देणाऱ्या घरात हा छंद तिथेच संपतो.

अदलाबदल दोघांच्या फायद्याची का ठरते? दोघांची आवड वेगळी असते म्हणून. माझ्याकडे गांगुली दोनदा आहे, तुमच्याकडे द्रविड दोनदा आहे; दुसरी प्रत आपल्यापैकी कुणालाच फारशी नको आहे. देवाणघेवाण झाली की कार्डांची संख्या तेवढीच राहते आणि दोन्ही घरांतलं समाधान वाढतं. एक खेळाडू निवडणाऱ्याला इथे मोठा फायदा होतो. पूर्ण मालिका जमवणाऱ्याला प्रत्येक कार्ड एकेकदा हवं असतं, तर द्रविडवाल्याला द्रविड सोडून बाकी सगळं देता येतं. पाकिटात निघालेले चमकते, दुर्मिळ, लोकप्रिय खेळाडू तो मोकळेपणानं हातातून सोडू शकतो, म्हणून त्याच्याशी व्यवहार करायला लोक आनंदानं येतात.

अडचण एकच, आपला खेळाडू आपल्याच गावात महाग असतो. इंदुरात पाटीदारचं कार्ड कुणी सहज सोडणार नाही. बंगळुरूत तर नाहीच नाही, कारण तिथे तो संघाचा कप्तान. चेन्नईतल्या मुलाला मात्र तो पाकिटातून निघालेला आणखी एक खेळाडू आहे, आणि त्याला धोनी, ऋतुराज गायकवाड हवे आहेत. द्रविडच्या बाबतीतही बंगळुरू आणि इंदूर ही दोन कठीण ठिकाणं. कोलकाता, मुंबई, दिल्ली त्या मानानं सोपी. राजेंद्र नगरातल्या घरांना याचा एक फायदा आहे. मुंबई-पुण्यात आत्या, काका, मावसभाऊ नसलेलं मराठी घर इथे शोधूनच काढावं लागेल. सुट्टीत जाताना मुलानं डबलांची यादी आणि हवी असलेल्यांची यादी सोबत न्यावी.

याद्या दोनच ठेवाव्यात, ‘हवी’ आणि ‘जास्तीची’. प्रत्येक ओळीत मालिकेचं नाव, वर्ष, कार्डाचा क्रमांक आणि अवस्था लिहायची. ‘द्रविडचं लाल जर्सीतलं’ असं मोघम लिहिलं की भांडणं होतात, कारण तो 2008 ते 2010 बंगळुरूकडून खेळला आणि त्या वर्षांचे फोटो एकमेकांसारखे दिसतात. दूरच्या माणसाशी व्यवहार असेल तर कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आधी पाठवावेत आणि कोपरा दुमडला असेल तर तो फोटोत दिसू द्यावा. पाठवताना कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, पुठ्ठे कागदी चिकटपट्टीनं बांधून जाड पाकिटात घालावेत आणि स्पीड पोस्टनं धाडावेत, म्हणजे माग राहतो. अनोळखी माणसाशी पहिला व्यवहार एका स्वस्त कार्डाचाच करावा.

मोठ्यांनी मुलांशी अदलाबदल करताना एक पथ्य कसोशीनं पाळायला हवं. सात वर्षांच्या मुलाला त्याच्या हातातलं कार्ड काय आहे हे माहीत नसेल तर आधी ते त्याला सांगावं, मग सौदा करावा. मुलांमधले भाव त्यांचे त्यांना ठरवू द्यावेत, एका चमकत्याला तीन साधी की पाच, हे गल्ली ठरवते आणि ते बरोबरच आहे. पण मोठ्या माणसाच्या माहितीचा भार लहानाच्या पारड्यावर पडू नये.

आता कार्डाची मागची बाजू. बहुतेक लोक पुढचा फोटो पाहून कार्ड ठेवून देतात. माझ्या मते खरी गंमत मागे आहे, कारण वर्ष छापलेलं नसलं तरी आकडे वाचून कार्डाचं वय काढता येतं. आपल्याकडच्या कितीतरी ट्रम्प कार्डांवर सालाचा पत्ता नसतो, तिथे ही युक्ती हमखास उपयोगी पडते.

द्रविडची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या एखाद्या जिन्यासारखी पायरीपायरीनं वर गेली आहे. जून 1996 मध्ये लॉर्ड्सवर पदार्पणात 95. जानेवारी 1997 मध्ये जोहान्सबर्गला पहिलं शतक, 148. दोन वर्षं तोच आकडा राहिला आणि जानेवारी 1999 मध्ये हॅमिल्टनला 190 झाले. नोव्हेंबर 2000 मध्ये दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद 200. सप्टेंबर 2002 मध्ये ओव्हलवर 217. ऑक्टोबर 2003 मध्ये अहमदाबादला न्यूझीलंडविरुद्ध 222, आणि लगेच डिसेंबरमध्ये ॲडलेडला 233. एप्रिल 2004 मध्ये रावळपिंडीला 270, जो पुढे कधी ओलांडला गेला नाही.

आता कार्ड उलटा. सर्वोच्च 148 लिहिलं असेल तर आकडे जानेवारी 1997 ते जानेवारी 1999 या दोन वर्षांतले. 222 लिहिलं असेल तर आकडे घेतले गेले तो काळ जेमतेम दोन महिन्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर 2003. असं कार्ड हाती आलं तर ते जपून ठेवावं, कारण ॲडलेडच्या त्या कसोटीनं हा आकडा फार लवकर जुना केला. 270 असेल तर मात्र 2004 पासून पुढचं कुठलंही वर्ष असू शकतं. अशा वेळी एकूण धावांकडे वळायचं. एकदिवसीय सर्वोच्चही मदत करतं: मे 1999 मध्ये टाँटनला श्रीलंकेविरुद्ध 145, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हैदराबादला 153, आणि 153 शेवटपर्यंत तसाच राहिला. म्हणजे कसोटीच्या रकान्यात 190 आणि एकदिवसीयच्या रकान्यात 153 असेल तर आकडे नोव्हेंबर 1999 ते नोव्हेंबर 2000 मधले.

एक खबरदारी घ्यावी. आकडे गोळा करण्याची तारीख आणि छपाईची तारीख यांत अंतर असतं, आणि आळशी छापखाना जुनेच आकडे पुढच्या वर्षीही वापरतो. तेव्हा आकड्यावरून ‘याच्या आधी हे कार्ड छापलेलं नाही’ एवढं खात्रीनं म्हणता येतं. ‘यानंतर छापलेलं नाही’ हे नुसता अंदाज.

निवृत्तीनंतरच्या कार्डांवर आणखी एक कोडं भेटतं. एकावर 164 कसोटी आणि 13,288 धावा, दुसऱ्यावर 163 कसोटी आणि 13,265 धावा. यातलं एक छपाईतली चूक समजून फेकू नये. 2005 मध्ये द्रविड सिडनीला जागतिक संघाकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध एक कसोटी खेळला आणि त्यात त्यानं 0 आणि 23 धावा काढल्या. तो सामना धरला तर पहिले आकडे, फक्त भारताकडून खेळलेले धरले तर दुसरे. दोन्ही कार्डं बरोबर आहेत आणि संग्रहाच्या वहीत दोन्हींना जागा हवी.

फोटोही बोलतो. छातीवर विल्सचं नाव असेल तर फोटो साधारण 2001 पर्यंतचा, सहारा असेल तर त्यानंतरचा. ज्या नावाच्या कंपनीनं 1896 मध्ये क्रिकेटपटूंची चित्रं पाकिटात घातली तेच नाव शंभर वर्षांनी भारतीय संघाच्या छातीवर होतं, हे संग्राहकाला माहीत असावं. राजस्थानची निळी जर्सी 2011 ते 2013 मधली. 2000 साली तो केंट कौंटीकडून खेळला आणि 2003 मध्ये स्कॉटलंडकडून. द्रविडच्या वहीत या दोन्ही संघांसाठी एकेक रिकामं पान राखून ठेवावं, कारण परदेशातल्या नातेवाइकाला नेमकं काय शोधायचं हे त्यावरून सांगता येतं.

कार्डाची अवस्था चार गोष्टींवरून ठरते. चित्र चारी बाजूंनी सारख्या कडेच्या मध्ये बसलं आहे का, कोपरे धारदार आहेत का, कडांवर पांढरे टवके उडाले आहेत का, आणि पृष्ठभागावर ओरखडे, बोटांचे ठसे, पेनाच्या खुणा आहेत का. प्रकाश तिरका पडेल असं कार्ड धरलं की पृष्ठभागाचं सगळं कळतं. आपल्याकडची कार्डं खेळून खेळून झिजलेली असतात, तेव्हा नव्वदच्या दशकातलं धारदार कोपऱ्यांचं कार्ड सापडलं तर ते खरोखर दुर्मिळ. पूर्ण कॅट, सगळे पत्ते आणि मूळ डबी असेल तर त्यातला द्रविड वेगळा काढू नये. सुट्या पत्त्यापेक्षा अख्ख्या कॅटला अधिक मान आहे.

जपणुकीत सर्वात मोठं नुकसान प्रेमापोटी होतं. आवडतं कार्ड लोक लॅमिनेट करून आणतात, आणि ते पुन्हा कधीच मूळ रूपात येत नाही. सेलोटेप पिवळी पडते आणि सोडवताना छपाई घेऊन जाते. रबरबँड कडा कापतं आणि उन्हाळ्यात वितळून चिकटतं. मऊ, तीव्र वासाचं पीव्हीसी प्लॅस्टिक वर्षानुवर्षांनी कार्डाला चिकटतं. त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पिशव्या घ्याव्यात. आंतरराष्ट्रीय मापाच्या पिशव्या भारतात मिळतात, पण आपली ट्रम्प कार्डं नेहमी त्या मापाची नसतात, म्हणून आधी पट्टीनं मोजून मग मागवाव्यात. माळव्यातला कोरडा उन्हाळा कागदाला फारसा त्रास देत नाही. पावसाळ्यात मात्र दमट हवेनं पुठ्ठा वाकतो आणि कार्डं एकमेकांना चिकटतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ती ठेवू नयेत, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि पाऊस संपला की एकदा सगळी उघडून पाहावीत. भिंतीवर ऊन येत असेल तिथे फ्रेम लावू नये, लाल आणि पिवळा रंग आधी उडतो.

खरं-खोटं ओळखायला दहापट दिसणारं साधं भिंग पुरतं. मूळ छपाईत चित्र बारीक रंगीत ठिपक्यांनी बनतं, पण अक्षरं सलग शाईची आणि धारदार असतात. कुणी जुनं कार्ड स्कॅन करून पुन्हा छापलं असेल तर अक्षरंही ठिपक्यांची बनलेली दिसतात. शिवाय त्याच मालिकेतलं एखादं साधं, कुणालाही नको असलेलं कार्ड शेजारी ठेवून जाडी आणि पांढरेपणा ताडून पाहावा. साध्या कार्डाची नक्कल करण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही, म्हणून तेच चांगलं मोजमाप ठरतं. कार्डावर सही असेल तर ती छापलेली आहे की हातानं केलेली हे तिरक्या प्रकाशात दिसतं, हातच्या शाईची चमक चित्राच्या चमकेहून निराळी असते.

किमतीबद्दल थोडक्यात. बेसबॉलमध्ये होनस वॅग्नरचं 1909 ते 1911 मधलं सिगारेट कार्ड 2022 मध्ये 72.5 लाख डॉलरला गेलं आणि त्याच महिन्यात मिकी मँटलचं 1952 चं टॉप्स कार्ड 1.26 कोटी डॉलरला. अशा बातम्या वाचून घरातला डबा उघडला जातो, तेव्हा त्यामागचं कारणही वाचावं. वॅग्नरची कार्डं मुळातच फार थोडी बाहेर आली. 1952 च्या मालिकेतला न खपलेला माल कंपनीनं 1960 मध्ये अटलांटिक समुद्रात नेऊन टाकला. याउलट 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लोक गुंतवणूक म्हणून कार्डं घेऊ लागले, कंपन्यांनी ती बेसुमार छापली, सगळ्यांनी जपून ठेवली, आणि आज त्यातली बहुतेक कवडीमोलाची आहेत. दुर्मिळपणा आणि मागणी एकत्र आली तरच किंमत उभी राहते. कार्ड तपासून 1 ते 10 असा दर्जा देणाऱ्या आणि सीलबंद डबीत घालून परत पाठवणाऱ्या कंपन्या अमेरिकेत 1991 पासून आहेत, पण तिथवर पाठवण्याचा खर्च आपल्या बहुतेक कार्डांच्या किमतीहून जास्त होतो. द्रविडचा संग्रह द्रविडसाठी करावा. पैशासाठी करायचा असेल तर याहून सोपे मार्ग पुष्कळ आहेत.

इंदूरच्या संग्राहकाला कार्डांपलीकडेही एक वाट मोकळी आहे, आणि ती इतर शहरांना नाही. आज होळकर स्टेडियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर पहिला आंतरराष्ट्रीय सामना 15 एप्रिल 2006 ला झाला, भारत विरुद्ध इंग्लंड. भारताचा कप्तान होता द्रविड, आपल्या जन्मगावी. तो सलामीला आला, 69 धावा काढल्या आणि पदार्पण करणाऱ्या रॉबिन उथप्पाच्या 86 धावांबरोबर भारतानं सात गडी राखून सामना जिंकला. त्या दिवशीचं तिकीट इंदुरातल्या अनेक कपाटांत, जुन्या पाकिटांत, बँकेच्या कागदांत अजून असेल. ते जमवणाऱ्यानं घरोघरी विचारावं. फाटलेलं अर्धं तिकीटही चालतं, प्रवेशद्वारावर फाडलं गेलं म्हणजेच ते वापरलं गेलं.

नायडूंच्या चाहत्याला कार्डं मिळणं फार अवघड, पण टपाल खात्यानं 1996 मध्ये चार क्रिकेटपटूंची तिकिटं काढली: देवधर, मर्चंट, मंकड आणि नायडू. नायडूंचं दोन रुपयांचं तिकीट आजही फार महाग नाही आणि पहिल्या दिवसाच्या पाकिटासह मिळालं तर संग्रहाची सुरुवात तिथून करता येते. नायडूंच्या होळकर संघानं 1945-46 ते 1952-53 या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्या संघात चंदू सरवटे होते, ज्यांनी 1946 मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध शुटे बॅनर्जींसोबत शेवटच्या जोडीसाठी 249 धावा जोडल्या आणि नाबाद 124 केल्या. या माणसांचे फोटो छापील कार्डांवर शोधण्यापेक्षा जुन्या चिकटवह्यांत सापडण्याची शक्यता अधिक. वर्तमानपत्रातली कात्रणं, ‘एकच षटकार’ या क्रिकेट नियतकालिकाची पानं, ‘स्पोर्टस्टार’ची मधली पोस्टरं खळीनं वहीत चिकटवण्याची इथल्या मराठी घरांची रीत होती.

अशी वही हाती आली तर त्यातलं चित्र सोडवायचा मोह आवरावा. वाफ दाखवून किंवा पाणी लावून वर्तमानपत्री कागद सुटत नाही, लगदा होतो. पान अख्खं ठेवावं, दोन पानांमध्ये साधा पांढरा आम्लमुक्त कागद घालावा, वही आडवी ठेवावी. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्यावा. वही कुणाच्या घरातली, कोणी चिकटवली, कुठल्या वर्षांत, एवढं पेन्सिलीनं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती पुठ्ठ्याच्या आत सरकवावी. वहीवर पेननं काही लिहू नये. वहीच्या मालकांना ती द्यायची नसेल तर फोटो काढायची परवानगी मागावी, आणि पुढच्या भेटीत त्या फोटोंच्या छापील प्रती त्यांना नेऊन द्याव्यात.